शंभर अंडी ठेवली, पिल्लं साठच का?

या महिन्याचं सदर पूर्णच अंडी उबवणीला देतेय, कारण उन्हाळ्यापासून आलेले निम्मे प्रश्न याच एका गोष्टीभोवती फिरतायत. कोणाकडे पन्नास अंड्यांचं थर्माकोलचं मशीन आहे, कोणाकडे हजाराचं, कोणी अजून खुडूक कोंबडीवरच भागवतंय, पण तक्रार सगळ्यांची सारखीच, अंडी ठेवतो तेवढी पिल्लं निघत नाहीत. एकासारखे एक प्रश्न होते ते एकत्र केलेत आणि नावाऐवजी फक्त गाव दिलंय.

प्रश्न: ताई, माझ्याकडे २०० अंड्यांचं ऑटोमॅटिक मशीन आहे. गावरान आणि कडकनाथ दोन्हीची अंडी बाहेरून विकत आणतो. सारखी शंभरामागे साठच्या आसपासच पिल्लं निघतायत. मशीनवाला म्हणतो अंडी खराब, अंडीवाला म्हणतो मशीन खराब. कोणाचं खरं मानू? (एक वाचक, संगमनेर)

दादा, दोघांनाही जरा बाजूला ठेवा. २२ व्या दिवशी जी अंडी मशीनमध्ये तशीच पडून राहतात ना, ती फेकू नका, उत्तर त्यांच्यातच आहे. वास येतो म्हणून बहुतेक जण ती सरळ उकिरड्यावर टाकतात आणि पुढच्या बॅचला परत तेच रडगाणं. एक जुनी ताटली घ्या, अंगणात बसा, तोंडाला फडकं बांधा, अंडं रुंद बाजूने चमच्याने हळू टिचवा, तिथे हवेचा कप्पा असतो, तेवढं टरफल काढलं की आतलं सगळं वरून दिसतं.

काही अंड्यांत नुसता बलक सापडेल, रक्ताचा कुठे ठिपकासुद्धा नाही. ही अंडी बहुतेक वेळा फळलेलीच नसतात, त्याला मशीन काय करणार. काहींत बलकावर रक्ताचं कडं दिसेल, किंवा एवढासा जीव आणि त्याचा काळा ठळक डोळा, म्हणजे ते पहिल्या आठवड्यात गेलं. तिथे संशय घ्यायचा तो जुन्या अंड्यांवर, उन्हात फिरलेल्या अंड्यांवर, गाडीवर आदळत आलेल्या अंड्यांवर, नाहीतर सुरुवातीलाच मशीन जास्त तापलं असेल त्यावर. काहींत पिसं फुटलेलं पण अर्धवट पिल्लू असतं, दुसऱ्या आठवड्याच्या आसपासचं. असे एरवी कमीच असतात, त्यामुळे हे जास्त निघायला लागले तर कोंबड्यांच्या खाद्याकडे आणि अंड्यांच्या स्वच्छतेकडे बघा. आणि शेवटचा ढीग म्हणजे पूर्ण तयार झालेलं, पण बाहेरच न आलेलं पिल्लू. इथे मात्र मशीनचा हात मोठा असतो, म्हणजे टेम्परेचर, ह्युमिडिटी, हवा आणि अंडी फिरवणं. अगदी चांगल्या हॅचरीतसुद्धा मरतूक दोनच ठिकाणी वर जाते, पहिले तीन-चार दिवस आणि शेवटचे तीन-चार दिवस, त्यामुळे थोडी मर दोन्हीकडे दिसणारच, बघायचं ते कुठला ढीग वाजवीपेक्षा मोठा आहे ते.

आता टक्केवारीचं बघा. समजा शंभरातली १८ अंडी फळलेलीच नव्हती, म्हणजे खरी ८२ च उरली, त्यातली ६० फुटली, तर तुमच्या मशीनचा निकाल ६० नाही तर ७३ टक्के धरायचा. फळलेल्या अंड्यांवर ८५ च्या पुढे गेलात तर मशीन व्यवस्थित चाललंय असं समजायला हरकत नाही, मग उरलेला हिशोब अंडीवाल्याकडे मागा. त्यासाठी सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च रुंद बाजूला लावून प्रत्येक अंडं बघा, फळलेल्यात लाल शिरा कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या दिसतात, न फळलेलं एकसारखं पिवळसर उजळतं. गडद तपकिरी टरफल असेल आणि नीट कळत नसेल तर दहाव्या दिवशी परत बघा, घाईत चांगलं अंडं काढून टाकू नका.

अजून एक करा, पुढच्या बॅचला अर्धी अंडी त्याच विक्रेत्याची आणि अर्धी गावातल्याच एखाद्या ओळखीच्या घरची, दोन-तीन दिवसांतली ताजी, एकाच मशीनमध्ये ठेवा आणि पेन्सिलने खुणा करा. दोन्हीकडचा निकाल सारखाच वाईट आला तर मशीन, एकीकडचाच आला तर अंडी. आणि अंडी लांबून आणता तर आल्या आल्या मशीनमध्ये भरू नका, निमुळती बाजू खाली आणि रुंद बाजू वर अशी १२ ते २४ तास शांत ठेवा, प्रवासात हवेचा कप्पा हललेला असतो, तो जागेवर बसायला वेळ लागतो.

प्रश्न: आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो. मशीन भरेल इतकी अंडी जमायला मला दोन आठवडे लागतात, तोवर अंडी स्वयंपाकघरात टोपलीत असतात. यंदा फ्रीजमध्येही ठेवून बघितली, तर अजूनच कमी पिल्लं आली. (एक वाचक, चंद्रपूर जिल्हा)

ताई, तुमचं नुकसान मशीनच्या आधीच होतंय. अंडं कोंबडीच्या पोटातून बाहेर पडतं तेव्हाच आतल्या जिवाची वाढ सुरू झालेली असते, हजारो पेशी तयार असतात. बाहेर आल्यावर अंडं थंड होतं आणि ती वाढ थांबते, जीव झोपी जातो म्हणा. पण ती पूर्ण थांबायला अंडं साधारण २० डिग्रीच्या खाली जावं लागतं. तुमच्या स्वयंपाकघरात मे मध्ये रात्रीसुद्धा ३०-३२ असणार, म्हणजे आतला जीव ना नीट वाढतोय ना नीट थांबतोय, असा रेंगाळत दोन आठवडे राहिला की मशीनमध्ये गेल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच संपतो. तुम्ही सातव्या दिवशी टॉर्चने बघता तेव्हा रक्ताचं कडं दिसतं किंवा काहीच दिसत नाही, आणि तुम्ही समजता कोंबडा कमजोर आहे.

फ्रीजचं उलटं. तिथे ४-५ डिग्री असतं आणि हवा कोरडी असते, तेवढी थंडी त्या जिवाला सोसत नाही. वर फ्रीजमधून काढलं की दमट हवेत अंड्याला घाम सुटतो, आणि त्या ओलाव्यातून बाहेरची घाण छिद्रांवाटे आत जाते. टरफलाला अशी बारीक छिद्रं हजारोंनी असतात.

आठवड्याच्या आतली अंडी असतील तर १५ ते १८ डिग्री आणि ७५ टक्क्यांच्या आसपास ओलावा हे उत्तम. घरात हे जमवायचं कसं, तर विटांचे दोन थर, मधे ओली वाळू, वरून गोणपाट, असा शून्य ऊर्जा शीतकक्ष भाजीपाल्यासाठी करतात तो तुमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात छान चालतो. नाहीतर मोठ्या माठाच्या बुडाशी ओली वाळू आणि त्यावर अंडी ट्रेमध्ये, अंड्याला थेट पाणी लागता कामा नये. पण स्पष्ट सांगते, मे मध्ये यानेसुद्धा १८ पर्यंत उतरणार नाही, २५-२६ मिळालं तरी खूप, म्हणून दोन आठवडे साठवायचा विचारच सोडा. दर तीन-चार दिवसांनी जेवढी असतील तेवढी लावा, अर्धं मशीन रिकामं राहिलं तर राहू द्या, फक्त शेवटच्या तीन दिवसांसाठी, पिल्लं फुटायला, ऊब देणारा एक वेगळा छोटा डबा ठेवा म्हणजे वेगवेगळ्या तारखांचा घोळ होणार नाही. खुराड्यातून अंडी दिवसातून चार वेळा उचला, दुपारचं अंडं संध्याकाळपर्यंत पत्र्याखाली राहिलं तर ते गेलंच समजा.

सात दिवसांच्या पुढे साठवलं की हळूहळू पिल्लांचं प्रमाण उतरत जातं, दहा दिवसांनंतर तर जास्तच भरभर, आणि फुटायलाही उशीर होतो, दर जास्तीच्या दिवसामागे साधारण तासभर. म्हणून एकाच ट्रेमध्ये दोन दिवसांची आणि बारा दिवसांची अंडी एकत्र ठेवली की काही पिल्लं वाळून टुणटुण उड्या मारतायत आणि काही अजून टोचतायत असं होतं.

प्रश्न: जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या बॅचला शेवटपर्यंत सगळं छान दिसतं, १८ व्या दिवशी पिल्लं हलताना दिसतात, आणि मग आतच मरतात. फोडलं तर पिल्लू फुगलेलं आणि पाणचट. मशीनमध्ये पाण्याची ट्रे कायम भरलेली ठेवतो. (एक वाचक, कुडाळ)

ती ट्रे रिकामी करा. तुमच्याकडे कोकणात त्या दोन महिन्यांत बाहेरच ८५-९० टक्के ओलावा असतो, त्यात तुम्ही मशीनमध्ये अजून पाणी घालताय. अंड्याने १८ दिवसांत आपल्या वजनातलं ११ ते १३ टक्के पाणी बाहेर सोडायला हवं, तेवढीच हवेच्या कप्प्याला आत जागा होते. पिल्लू बाहेर यायच्या आधी पहिली चोच त्या कप्प्यातच मारतं आणि पहिला श्वास तिथेच घेतं. पाणी गेलंच नाही तर कप्पा लहान राहतो, पिल्लू फुगतं, त्याला वळायला जागा नसते आणि पहिल्या श्वासालाच ते गुदमरतं. तुम्ही जे पाणचट पिल्लू बघताय ते हेच.

मीटरवर विसंबू नका, काटा वापरा. किराणा मोजायचा ग्रॅमवाला डिजिटल काटा सगळ्यांकडे असतो. ५० ग्रॅमच्या आसपासची दहा अंडी एका ट्रेमध्ये ठेवा, ट्रेचं वजन वजा करून ५०० ग्रॅम झाली समजा. सातव्या दिवशी तीच दहा अंडी ४७७ च्या आसपास भरायला हवीत, चौदाव्या दिवशी ४५३ आणि अठराव्या दिवशी ४४०. सातव्या दिवशी ४९० भरली म्हणजे ओलावा जास्त आहे, पाणी काढा, हवेची भोकं मोठी करा. ४६५ भरली तर पाणी वाढवा. मधे एखादं अंडं बाद झालं तर तेवढं वजन हिशोबातून काढा, नाहीतर उगीच घाबराल. एकदा हे वजनाचं अंगवळणी पडलं की मशीनवरचा ह्युमिडिटीचा आकडा किती खरा आणि किती खोटा याची काळजीच राहत नाही.

पुस्तकात पहिल्या १८ दिवसांना ५० ते ५५ टक्के आणि शेवटच्या तीन दिवसांना ६५ ते ७५ टक्के लिहिलेलं असतं, ते बरोबरच आहे, पण ते मशीनच्या आतलं आहे. कुडाळला पावसाळ्यात बाहेरची हवा ३७.५ डिग्रीपर्यंत गरम झाली की तिचा ओलावा आपोआप ५० च्या आसपास येतो, त्यामुळे कोरड्या ट्रेवर १८ दिवस निघतात, आणि शेवटच्या तीन दिवसांतच पाणी घालायचं. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये याच्या बरोब्बर उलटं, तिथे दोन ट्रे ठेवूनही कमी पडतं, पिल्लू पातळ आवरणाला चिकटून सुकतं. म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाने सांगितलेली सेटिंग जशीच्या तशी उचलू नका.

प्रश्न: मशीनवर कायम ३७.५ दिसतं तरी पिल्लं २० व्या दिवशीच निघतात, आणि बेंबी ओली असते. (एक वाचक, बारामती)

मशीन खरं बोलत नाहीये. लवकर निघालेली, बारकी, बेंबी न सुकलेली पिल्लं म्हणजे आत टेम्परेचर जास्त आहे. २२ ओलांडून गेली, पोट मोठं आणि सुस्त असतील तर कमी आहे. अर्ध्या डिग्रीचा फरकसुद्धा २१ दिवस साचत जातो. स्वस्त कंट्रोलरचे सेन्सर एक-एक डिग्री चुकीचं दाखवतात, त्यात तो सेन्सर बल्बच्या जवळ किंवा फॅनच्या तोंडाशी असेल तर बघायलाच नको.

तापासाठी वापरायचा डिजिटल थर्मामीटर घरात असतोच, तो याच पट्ट्यात अचूक असतो, कारण माणसाचा ताप आणि अंड्याची ऊब जवळजवळ एकच. झाकणाच्या छोट्या बाटलीत पाणी भरा, ती अंड्यांच्या मधोमध ठेवा, पाच-सहा तासांनी झाकण उघडून थर्मामीटरचं टोक त्यात बुडवा. अंड्याच्या आत काय चाललंय त्याचा हा बऱ्यापैकी खरा अंदाज. बाटली चारही कोपऱ्यांत फिरवून बघा, कुठला कोपरा तापतो ते कळेल. फॅन असलेल्या मशीनला ३७.५, फॅन नसेल तर अंड्याच्या वरच्या पातळीवर ३८.३ ते ३८.८ लागतं, कारण तिथे हवा थरांत असते, वर गरम आणि खाली गार. एक लक्षात ठेवा, साधारण बाराव्या दिवसानंतर अंडी स्वतःच उष्णता सोडायला लागतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात बरोबर असलेली सेटिंग भरलेल्या मशीनमध्ये तिसऱ्या आठवड्यात जास्त ठरते. शेवटच्या तीन दिवसांना ३७ च्या आसपास आणा.

ह्युमिडिटी मीटर तपासायचा असेल तर बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ते ओलसर होईल इतकंच पाणी टाका, मीटरसकट हवाबंद डब्यात ८-१० तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७० आला तर तुमचा मीटर पाच कमी दाखवतो, तेवढं मनात धरून चाला.

प्रश्न: ऑटो टर्निंग नाही, हाताने अंडी फिरवतो. रात्री उठायलाच हवं का? (एक वाचक, जत)

नको. दिवसातून तीन किंवा पाच वेळा, म्हणजे विषम आकड्याने फिरवा. एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढा, आज रात्री फुली वर असेल तर उद्या गोल वर यायला हवा, विषम वेळा फिरवलं की हे आपोआप होतं आणि रात्रीच्या लांब वेळेला रोज एकच बाजू वर राहत नाही. न फिरवल्यास बलक तरंगत वर येतो आणि आतला जीव टरफलाच्या आतल्या पडद्याला चिकटतो, पहिल्या आठवड्यात तर हा धोका सगळ्यात जास्त. १८ व्या दिवशी फिरवणं बंद. हात धुवून फिरवा, शेंगदाण्याचे किंवा तेलाचे हात लागले की छिद्रं बुजतात.

प्रश्न: लाईट चार-पाच तास जाते. मशीनचं झाकण उघडं ठेवायचं की बंद? (एक वाचक, अंबाजोगाई)

कितवा दिवस चालू आहे त्यावर आहे. खूप लोक घाबरून मशीनवर रजया टाकतात आणि तिथेच घोटाळा होतो. पहिल्या दहा-बारा दिवसांत अंड्याला स्वतःची ऊब नसते, तेव्हा झाकण बंद ठेवा, वरून गोधडी टाका, हवेची भोकं पूर्ण बुजवू नका, थंडीचे दिवस असतील तर गरम पाण्याच्या दोन बाटल्या कडेला ठेवा, अंड्यांना चिकटवून नाही. शेवटच्या आठवड्यात मात्र भरलेलं मशीन स्वतःच तापतं, फॅन बंद पडला की वरच्या ट्रेमध्ये उष्णता कोंडते आणि आतली हवाही संपत येते. तेव्हा गोधडी नको, भोकं पूर्ण उघडा, मोठं मशीन असेल तर दार थोडं किलकिलं ठेवा आणि तासाभराने हात घालून बघा.

गार पडलेलं अंडं बऱ्याचदा वाचतं, तापलेलं वाचत नाही, हे मनात पक्कं ठेवा. कोंबडीसुद्धा रोज दाणा-पाण्याला उठते, वीस-पंचवीस मिनिटं अंडी उघडीच असतात, आणि पिल्लं निघतातच. पण ४०-४१ डिग्रीला काही तास गेले की बॅच जवळपास गेली. म्हणून लाईट आल्यावर मशीन लवकर तापावं म्हणून जादा बल्ब लावायचा उद्योग करू नका. चार-पाच तासांच्या लोडशेडिंगमध्ये बॅच सोडून देऊ नका, दोन-तीन दिवसांनी टॉर्च लावून बघा, शिरा लाल दिसल्या तर चालू ठेवा, फार तर एखादा दिवस उशिरा निघतील. सारखीच लाईट जात असेल तर छोट्या मशीनसाठी बारा व्होल्टचा हीटर आणि बॅटरी हा खर्च करण्यासारखा आहे, दुसऱ्या कुठल्याही ऑटोमॅटिक फीचरच्या आधी.

प्रश्न: पिल्लाने टोच मारली, भोक पडलं, आता दहा तास झाले तरी बाहेर येत नाही. आतून आवाज येतोय. मुलं म्हणतात टरफल काढून त्याला बाहेर काढू या. (एक वाचक, वसई)

ताई, मुलांना समजावा, आत्ता हात लावला तर मरेल. टोच मारल्यावर पिल्लू १२ ते १८ तास, कधी २४ तास नुसतं पडून राहतं, ते दमलेलं नसतं, त्याचं काम चालू असतं. टरफलाच्या आतल्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या हळूहळू रिकाम्या होतायत, तोपर्यंत त्याला श्वास देणारं ते जाळं होतं, आता फुफ्फुसं ताबा घेतायत, आणि उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढला जातोय. टरफल सोलताना लाल रक्त आलं तर ते याच रक्तवाहिन्यांचं असतं. तो पोटात गेलेला बलक त्याला पहिले दोन दिवस, कधी तीन दिवस पुरतो, म्हणून आधी निघालेल्या पिल्लांना भूक लागली असेल या काळजीने सारखं झाकण उघडू नका. एका उघडण्यात आतला सगळा ओलावा निघून जातो, आणि ज्याने टोच मारलीय त्याच्या भोवतीचा पडदा कागदासारखा सुकून त्याला आवळतो, मग त्याला खरंच वळता येत नाही.

२४ तासांच्या वर गेलं, आवाज क्षीण झाला, पडदा पांढऱ्याऐवजी पिवळट-तपकिरी आणि कोरडा दिसतोय, तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने फक्त त्या भोकाभोवतीचा पडदा ओला करा, चोचीत पाणी जाऊ देऊ नका, पिल्लू रुंद बाजूचं टरफल टोपीसारखं गोल कापत जातं, त्या रेषेत टरफलाचे एक-दोन तुकडे उचला आणि थांबा. रक्त दिसलं तर लगेच परत ठेवून द्या. शेवटचा जोर त्याला स्वतःलाच लावू द्या. शेवटच्या दिवसात ट्रेखाली गोणपाट किंवा जाळीची मॅट टाका, गुळगुळीत प्लास्टिकवर पाय फाकतात आणि मग ते पिल्लू कायमचं अधू.

प्रश्न: कोंबडे भरपूर आहेत, अंडी फळतात, पण दुसऱ्या आठवड्यात बरीच मरतात आणि निघालेल्या काही पिल्लांची बोटं आत वळलेली असतात. अंड्यावरच्या कोंबडीचं बाजारातलं खाद्य देतो. (एक वाचक, फलटण)

बोटं आत वळणं हे रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, कमी पडल्याचं लक्षण आहे. खायच्या अंड्यांसाठीच्या कोंबडीला जे खाद्य पुरतं ते पिल्लं काढायच्या कोंबडीला पुरत नाही, तिला जीवनसत्त्वं आणि मँगनीजसारखी खनिजं जास्त लागतात, कारण २१ दिवस आतल्या जिवाला बाहेरून काहीच मिळणार नाही, आईने भरलं तेवढंच. ब्रीडर फीड मिळत असेल तर तेच घ्या, नसेल तर आहे त्यात तुमच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारून ब्रीडरचं व्हिटॅमिन-मिनरल मिश्रण द्या, बरोबर लसूणघास, शेवग्याचा पाला. उकिरडा उकरणाऱ्या मोकळ्या कोंबडीला किडे-मुंग्यांतून बी-१२ मिळून जातं, बंद शेडमधलीला मिळत नाही. हे सगळं अंडी गोळा करायच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करा, आज दिलं आणि उद्याच्या अंड्यात उतरलं असं होत नाही.

आणि कोंबडे भरपूर आहेत हे चांगलं नाही हो. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो, जास्त झाले की आपसात भांडतात आणि कोंबड्यांच्या पाठी सोलवटतात. कोंबडा दरवर्षी दुसऱ्या गावातून बदला, घरच्याच पिढीत घरचाच कोंबडा फिरत राहिला तर पिल्लांचं प्रमाण उतरत जातं. नवीन कोंबडा आणल्यावर तीन आठवडे थांबून अंडी धरा, कारण जुन्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन आठवडे टिकून राहतं. वयाचंही बघा, तीस ते पन्नास आठवड्यांच्या कोंबडीची अंडी उबवायला सगळ्यात चांगली, पहिली-पहिली बारकी अंडी आणि म्हाताऱ्या कोंबडीची पातळ टरफलाची मोठी अंडी खायला ठेवा.

निघालेली पिल्लं पहिल्या आठवड्यात पांढरी हगवण लागून मरत असतील तर मात्र खाद्याचा विषय नाही, पुलोरम नावाचा जिवाणूंचा रोग असू शकतो, तो रोगी कोंबडीच्या अंड्यातूनच पिल्लात उतरतो. कोंबड्यांची रक्त तपासणी करून घ्या आणि तोवर त्या कळपातली अंडी मशीनला लावू नका.

प्रश्न: घाण लागलेली अंडी धुवून लावली तर चालतील? (एक वाचक, अकोला)

शक्यतो नको. अंड्यावर एक नैसर्गिक पातळ थर असतो, तो छिद्रं झाकतो, धुतलं की तो निघतो. थंड पाण्याने धुणं तर सगळ्यात वाईट, आतलं आकसतं आणि बाहेरचं घाण पाणी छिद्रांतून आत ओढलं जातं. थोडी वाळलेली घाण असेल तर कोरड्या काथ्याने हलकेच घासा, जास्त बरबटलेलं असेल तर बाजूला काढा. त्यापेक्षा खुराड्यात दर दोन दिवसांनी कोरडं तूस बदला. दोन बॅचच्या मधे मशीन रिकामं करून साबणाने धुवा, जंतुनाशक फिरवा, उन्हात वाळवा. फॉर्मलीन आणि पोटॅशियम परमँगनेटचा धूर हॅचरीत देतात तो घरातल्या खोलीत करू नका, तो वायू माणसाला घातक आहे.

प्रश्न: खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली की मी टोपलीत लोखंडाचा खिळा ठेवते, विजेच्या कडकडाटाने अंडी मरू नयेत म्हणून. सून हसते. आणि लांबट अंड्यातून कोंबडा निघतो हे खरं का? (एक आजी, नंदुरबार जिल्हा)

आजी, खिळा राहू दे, त्याने काही बिघडत नाही, पण विजेच्या आवाजाने अंडी मरत नाहीत. वळवाच्या पावसात मरतात ती वेगळ्या कारणाने, कोंबडी बिचकून उठते, टोपली भिजते, अंडी गार पडतात. टोपली घरात कोरड्या, अंधाऱ्या कोपऱ्यात, कुत्र्या-मांजराच्या नजरेआड ठेवा. दहा-बारा अंडी पुरे, पंधरा ठेवली तर कडेची कायम उघडी राहतात, आणि ती कडेची मधे, मधली कडेला अशी कोंबडी फिरवत राहते, म्हणून सगळीच अर्धवट उबतात. बसवायच्या आधी तिच्या पंखाखाली उवा बघा, उवांनी हैराण झालेली कोंबडी अंडी सोडून उठते. टोपलीत राख आणि कडुनिंबाचा पाला आपल्याकडे घालतात तो घाला.

लांबट-गोल यावरून नर-मादी कळत नाही. पिल्लू नर की मादी हे कोंबडीकडून ठरतं आणि अंडं टरफलात जायच्या आधीच ठरलेलं असतं, आकार तर टरफलाआधी अंडनलिकेत वेगळाच ठरतो. पण अति लांबट, अति गोल, दोन बलकांची, वाकड्या टरफलाची अंडी लावू नका, त्यात पिल्लं कमी निघतात.

प्रश्न: कोंबडी, बदक आणि बटेर यांची अंडी एकाच मशीनमध्ये लावता येतील का? (एक वाचक, सत्तरी, गोवा)

येतील, टेम्परेचर जवळपास तेच लागतं, पण तारखा वेगळ्या. बटेराला १७-१८ दिवस, कोंबडीला २१, बदकाला २८ आणि मस्कोव्ही बदकाला ३५. सगळी एकदम फुटावीत असं वाटत असेल तर बदकाची अंडी आधी लावा, सात दिवसांनी कोंबडीची, त्यानंतर तीन-चार दिवसांनी बटेराची. शेवटच्या तीन दिवसांत सगळ्यांचं फिरवणं एकत्र बंद होतं आणि ओलावाही एकत्र वाढवता येतो. बदकाची अंडी जास्त घाण असतात आणि मशीनमध्ये सडून फुटली तर बाकीच्या ट्रेवर उडतात, म्हणून ती सगळ्यात खालच्या ट्रेमध्ये ठेवा आणि रोज नाक लावून बघा, वास आला ते अंडं त्याच दिवशी बाहेर.